दोन एक्स-रे आणि एक केसपेपर : पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

डॉक्टरच्या निष्काळजीपणाचा खटला आपल्याकडे कुठेही चालो, युक्तिवादात एक निकाल हमखास निघतो: जोशी विरुद्ध गोडबोले, सर्वोच्च न्यायालय, २ मे १९६८. डॉक्टरची रुग्णाप्रती तीन कर्तव्यं कोणती, हे त्यात एका परिच्छेदात सांगितलं आहे आणि तो परिच्छेद पुढच्या असंख्य निकालपत्रांत जसाच्या तसा उतरला आहे. पण तो ज्या प्रसंगातून आला, तो प्रसंग फारसा कुणी वाचत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी आणि तरुण वकिलांनी मुळात तोच वाचावा असं मला वाटतं. हा खटला तत्त्वांवर जिंकला गेला नाही. तक्त्यावर न लिहिलेलं तापमान आणि केसपेपरवर चुकलेला एक आकडा यांनी त्याची दिशा ठरवली.

घटना १९५३ सालची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेत गावी एक वीस वर्षांचा मुलगा आईबरोबर राहायला होता. वडील दौंडला दवाखाना चालवत, म्हणजे स्वतः डॉक्टर. ६ मेच्या संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर अपघात झाला आणि मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. किनाऱ्यापासून घर दीड मैल. कुठून तरी खाट आणायची, तिच्यावर त्याला घालून घरी न्यायचं, यात वेळ गेला. रात्री साडेआठ-पावणेनऊला गावातले डॉक्टर आले. त्यांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या. त्या वेळी त्या गावात याहून जास्त करणं शक्यही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलाची तब्येत बरी होती, पण त्यांनी पुण्याला हलवायचा सल्ला दिला. ८ मेला फळ्या काढून रीतसर स्प्लिंट लावले, टॅक्सी बोलावली, मागच्या सीटवर मुलाला टेकवून बसवलं. रात्री एकच्या सुमाराला आई, मुलगा आणि ते गावचे डॉक्टर निघाले. सह्याद्री ओलांडून सुमारे २०० मैल. पुण्यात पोचले ते ९ मेच्या सकाळी साडेअकराला.

मोडलेल्या मांडीनिशी साडेदहा तास टॅक्सीत. हा प्रवास लक्षात ठेवायला हवा, कारण बचावाचा मोठा भाग पुढे त्याच्यावरच उभा राहिला.

वडील तोवर दौंडहून पुण्याला आले होते. मुलाला आधी ताराचंद रुग्णालयात नेऊन पाय एक्स-रेच्या पडद्यावर पाहिला. मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर चढली होती. अशा वेळी हाडातून पिन घालून वजन लावावं लागतं, असं तिथेच सांगण्यात आलं. मग ते ज्या शल्यचिकित्सकाकडे (खटल्यातले जोशी ते हेच) गेले, त्यांच्या रुग्णालयात सव्वादोनला मुलगा दाखल झाला. मोठे डॉक्टर तेव्हा नव्हते, त्यांच्या सहायक डॉक्टरने दाखल करून घेतलं. थोड्या वेळाने मोठे डॉक्टर आले, वरवर तपासलं आणि मॉर्फिया व हायोसिन या वेदना दाबून गुंगी आणणाऱ्या औषधांची दोन इंजेक्शनं तासाच्या अंतराने द्यायला सांगितली. मॉर्फिया १/८ ग्रेन, म्हणजे आजच्या मापात साधारण ८ मिलिग्रॅम. सहायकाने प्रत्यक्षात एकच इंजेक्शन दिलं.

त्यानंतर तळमजल्यावर एक्स-रे. दोन काढले. मग वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. तिथे मुलगा तासाभराहून थोडा जास्त वेळ होता. साडेपाचला पाय प्लास्टरमध्ये घालून त्याला खोलीत आणलं. सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल, असं वडिलांना सांगण्यात आलं, त्या भरवशावर ते दौंडला परतले. आई खोलीत थांबली. साडेसहाच्या सुमाराला तिला दिसलं, की मुलाला श्वास घ्यायला जड जातंय आणि खोकला येतोय. सहायकाने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, तातडीचे उपचार सुरू झाले. रात्री नऊला मुलगा गेला.

डॉक्टरांनी मृत्यूचा दाखला दिला. कारण: फॅट एम्बॉलिझम.

इथे थोडं थांबून वैद्यकाचा भाग समजून घेऊ. त्याशिवाय दोन्ही बाजूंचं म्हणणं नीट तोलता येत नाही. मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात लांब आणि मजबूत हाड. ते मोडलं की भोवतालचे जाडजूड स्नायू आखडतात आणि तुटलेली टोकं एकमेकांवर ओढतात. पाय आखूड होतो. हाड जागेवर आणायचं तर या स्नायूंचा ताण मोडावा लागतो. एक वाट म्हणजे पिन घालून वजन लावणं आणि दिवसांमागून दिवस हळूहळू ओढ देत राहणं. दुसरी वाट, पूर्ण भूल देऊन स्नायू सैल करणं आणि मग हाताने ओढून हाड बसवणं. मॉर्फियाने वेदना बोथट होते, स्नायू सैल पडत नाहीत. तेव्हा नुसत्या मॉर्फियावर मांडीचं हाड ओढायचं म्हणजे अंगाच्या सगळ्या ताकदीविरुद्ध ओढणं आलं, आणि त्याचा जबर धक्का रुग्णाला बसतो.

आता दाखल्यावरचं कारण. लांब हाड मोडलं की मज्जेतली चरबी थेंबाथेंबाने रक्तात उतरून फुप्फुसात, मेंदूत जाऊन अडकू शकते. हे बहुधा दुखापतीनंतर एक ते तीन दिवसांत दिसतं आणि सुरुवात श्वासाच्या त्रासानेच होते. इथे अपघात ६ मेच्या संध्याकाळी आणि त्रास सुरू झाला ९ मेच्या संध्याकाळी. त्यात तो खडतर प्रवास. प्रामाणिकपणे सांगायचं तर डॉक्टरांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या अशक्य कोटीतलं अजिबात नव्हतं. बचावाची बाजू लुळी होती म्हणून ते हरले असं समजणाऱ्याने हा खटला वाचलेलाच नाही.

आईवडिलांनी दावा लावला. त्यांचं म्हणणं: थिएटरमध्ये त्या तासाभरात पूर्ण भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने जोर लावून पाय ओढला, हाड बसवण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच्या धक्क्याने मुलगा दगावला. डॉक्टरांचं म्हणणं: मी हाड बसवलंच नाही. ते लांबणीवर टाकायचं ठरवलं होतं. फक्त हलकी ओढ देऊन पाय प्लास्टरमध्ये स्थिर केला. लांबणीवर टाकण्याची कारणं त्यांनी चार दिली: मांडीला सूज होती, अपघाताला दोन दिवस उलटून गेले होते, घाई करण्यासारखं काही नव्हतं आणि मुलगा प्रवासाने थकला होता.

चारही कारणं कुठल्याही अस्थिरोगतज्ज्ञाला पटतील अशी आहेत. प्रश्न एवढाच होता, की ती त्या दिवशी डॉक्टरांच्या मनात होती की दावा लागल्यावर सुचली?

आणि इथे न्यायालयाने कागद उघडले.

पहिला कागद रुग्णाचा तक्ता. बचाव पक्षाचं म्हणणं, उपचारापूर्वी मुलाची नीट तपासणी झाली होती. सहायक डॉक्टरने शपथेवर सांगितलं, की ताप, नाडी, श्वास सगळं मोजलं. तक्त्यावर होते फक्त दोन ठिपके. एक नाडीचा, ९०. दुसरा श्वासाचा, २४. तापमान नाही. उच्च न्यायालयाने साधा व्यवहार पाहिला: तिन्ही गोष्टी एकाच वेळी मोजणारा माणूस दोन लिहील आणि तिसरी सोडेल असं होत नाही. म्हणजे तापमान घेतलंच नव्हतं आणि ‘कसून तपासणी’ ही नंतरची गोष्ट.

दुसरा कागद केसपेपर. त्यात सुजेचा उल्लेख नाही, तक्त्यावरही नाही. हाड बसवणं पुढे ढकलावं असं एकही लक्षण नोंदलेलं नाही. नोंद होती ती मॉर्फियाचं एक इंजेक्शन, एक एक्स-रे आणि प्लास्टर एवढीच.

एक एक्स-रे. काढले होते दोन.

सहायक डॉक्टरचं म्हणणं होतं, की केसपेपर मी त्याच रात्री लिहिला. मग आकडा का चुकला? उत्तर सोपं निघालं. मुलाच्या मृत्यूनंतर वडिलांनी एक्स-रेच्या प्लेट मागून घेतल्या होत्या. केसपेपर लिहिला गेला तो त्यानंतर काही दिवसांनी, तेव्हा प्लेट समोर नव्हत्या आणि आठवणीतून ‘एक’ असं उतरलं. त्याच रात्री लिहिला असता तर दोन्ही प्लेट हाताशी होत्या. उच्च न्यायालयाने सहायकाची साक्ष विश्वासार्ह मानली नाही.

मला या खटल्यातला हा सगळ्यात बोलका भाग वाटतो. एक्स-रे एक काढले की दोन, याचा मुलाच्या मृत्यूशी काडीचा संबंध नाही. पण त्या एका आकड्याने ठरलं, की केसपेपर उपचाराच्या वेळचा नाही. आणि तो उपचाराच्या वेळचा नाही म्हटल्यावर त्या थिएटरमधल्या तासाबद्दल डॉक्टरांच्या बाजूने बोलणारा त्या वेळचा एकही कागद उरला नाही.

आणखी एक गोष्ट न्यायालयाने विचारात घेतली, ती तर कुणाही पालकाच्या तोंडी यावी अशी आहे. हाड आज बसवायचं नाही, पुढे बसवू, असा निर्णय खरोखर झाला असता, तर डॉक्टरांनी तो मुलाच्या वडिलांना सांगितला नसता का? वडील तिथेच होते. स्वतः डॉक्टर होते. त्यांना फक्त मॉर्फिया कधी उतरेल तेवढंच सांगितलं गेलं.

मूळ न्यायालयाने ‘लांबणीवर टाकलं’ हा बचाव पश्चातबुद्धी ठरवला. तीन मदतनिसांसह, भूल न देता, वाजवीपेक्षा जास्त जोर लावून हाड बसवलं, त्यातून आलेल्या धक्क्याने किंवा मेंदूतल्या एम्बॉलिझमने मृत्यू झाला, असा निष्कर्ष काढला आणि ३,००० रुपये नुकसानभरपाई दिली. उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे डॉक्टरांच्या वतीने मांडलेला एक मुद्दा आजही प्रत्येक खटल्यात येतो: कोणता उपचार करायचा हे ठरवण्याचं स्वातंत्र्य डॉक्टरला असलं पाहिजे. न्या. शेलत यांनी लिहिलेल्या निकालपत्रात हे मान्य केलं आहे. डॉक्टरला ते स्वातंत्र्य आहे, आणीबाणीच्या वेळी तर ते आणखी मोठं असतं. पण इथे निवड बरोबर की चूक हा वादच नव्हता. भूल न देता हाड बसवलं हे एकदा सिद्ध झालं, की निष्काळजीपणाबद्दल शंका उरत नाही, आणि हे डॉक्टरांच्या वकिलांनाही नाकारता आलं नाही. त्यांची सगळी भिस्त ‘मी ते केलंच नाही’ यावर होती. ती कोसळली आणि अपील फेटाळलं गेलं.

सुप्रसिद्ध परिच्छेद याच निकालपत्रात आहे. त्याचा आशय असा: जो माणूस वैद्यकीय सल्ला आणि उपचार द्यायला तयार असल्याचं दाखवतो, तो त्यासाठी लागणारं कौशल्य आणि ज्ञान आपल्याकडे असल्याची हमी न बोलता देतच असतो. हे प्रकरण हाती घ्यावं की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही पायऱ्यांवर त्याने काळजी घेतली पाहिजे. यातली एकही पायरी चुकली तर रुग्णाला दाद मागता येते. काळजी किती? फार वरच्या दर्जाची नको, फार खालचीही चालणार नाही. त्या परिस्थितीत वाजवी ठरेल एवढी.

या प्रकरणात तिसरी पायरी चुकली. पिन घालून वजन लावणं किंवा पूर्ण भूल देऊन हाड बसवणं, दोन्ही उपचार मान्यताप्राप्तच होते.

आता ३,००० रुपयांचं. वीस वर्षांच्या मुलाचा जीव, पंधरा वर्षांची कोर्टबाजी आणि हातात ३,००० रुपये. मृत्यूच्या दिवाणी दाव्यांचा पाया आपल्याकडे अजूनही १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आहे आणि त्यात बघितलं जातं ते मागे राहिलेल्यांचं आर्थिक नुकसान. अजून कमावता न झालेला, अविवाहित मुलगा या हिशेबात फार ‘स्वस्त’ पडतो, आणि मला ही गोष्ट कधीच पटलेली नाही. आज असाच वीस वर्षांचा मुलगा रस्ते अपघातात गेला तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे ठरलेलं गणित आहे. समजा, तो नोकरीधंद्यातून महिना १५,००० रुपये कमावत होता. वर्षाचे १,८०,०००. कायम नोकरी नसेल तर भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के धरायचे, झाले २,५२,०००. अविवाहित म्हणून निम्मे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा, उरले १,२६,०००. या वयाला गुणक १८, म्हणजे वर्षाच्या या रकमेला १८ने गुणायचं. रक्कम २२,६८,०००, वर अंत्यसंस्कार वगैरेंची ठराविक भर. हे गणित सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांनी पक्कं केलं. वैद्यकीय प्रकरणांना ते जसंच्या तसं लागू करायचं बंधन नाही, असं त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. त्यामुळे तिथे रक्कम कधी फार मोठी होते, कधी अगदीच किरकोळ.

ते २०१३ चं प्रकरण कोलकात्याच्या रुग्णालयातलं. १९९८ मध्ये एका तरुण महिलेला त्वचेच्या गंभीर आजारात स्टिरॉइड बेसुमार दिलं गेलं. मुंबईला विमानाने आणूनही ती वाचली नाही. न्यायालयाने सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपये आणि त्यावर व्याज द्यायला लावलं. लढणारा कोण? तिचा नवरा, अमेरिकेत राहणारा आणि स्वतः डॉक्टर. १९५३ मध्ये लढणारे वडीलही डॉक्टरच. यात मला योगायोग दिसत नाही. मुलगा गेल्याच्या धक्क्यात असताना ‘प्लेट माझ्या ताब्यात द्या’ म्हणायचं त्या वडिलांना सुचलं, कारण प्लेटची किंमत त्यांना माहीत होती. त्या जागी पालशेतचाच एखादा खोत किंवा कोळी असता, तर प्लेट रुग्णालयातच राहिल्या असत्या, केसपेपरवर आकडा बरोबर पडला असता, आणि फॅट एम्बॉलिझमच्या दाखल्यापुढे काय बोलायचं हे त्याला कळलं नसतं.

सामान्य माणूस जिंकतो तो बहुधा चूक डोळ्यांना दिसते तेव्हा. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये बाळंतपणानंतर एका बाईची नसबंदी झाली. तिला ताप आणि वेदना सुरू झाल्या. दुसऱ्या सर्जनने पोट पुन्हा उघडलं तर आत टॉवेल राहिलेला. ती वाचली नाही. मूळ न्यायालयाने ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये पुन्हा दिले. टॉवेल कुणाच्या हातून राहिला हे नेमकं सिद्ध करायची गरज नाही, सरकार जबाबदार आहे, असं म्हणत. टॉवेल स्वतःच साक्षीदार होता. मांडीचं हाड किती जोराने ओढलं याला असा साक्षीदार नसतो.

म्हणून कागद. आज कायदा रुग्णाच्या बाजूने बराच पुढे आला आहे, पण लोकांना माहीत नसतं आणि रुग्णालयं आपणहून सांगत नाहीत. १९९५ पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, तेव्हा दिवाणी दाव्याच्या खेटेबाजीऐवजी ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वैद्यकीय कागदपत्रांवर रुग्णाचा हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या. ‘बिल भरल्यावर बघू’, ‘फक्त डिस्चार्ज कार्ड मिळेल’ ही उत्तरं ऐकून परत फिरू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. अर्जात नावानिशी लिहा: केसपेपर, परिचारिकांच्या नोंदी, तापमान-नाडीचा तक्ता, भुलीची नोंद, ऑपरेशनची टिपणं, संमतिपत्र, एक्स-रे किंवा स्कॅनच्या मूळ फिल्म वा सीडी. नुसता अहवाल पुरत नाही. मृत्यूचं कारण पटत नसेल तर शवविच्छेदनाची मागणी त्याच वेळी करायला हवी. घरात तेव्हा रडारड चालू असते, म्हणून हे काम एका थोड्या लांबच्या नातेवाइकाकडे सोपवलेलं बरं.

फौजदारी वाट मात्र वेगळी आणि अरुंद आहे. २००५ च्या निकालानंतर डॉक्टरविरुद्ध फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा दाखवावा लागतो, आणि तक्रारीबरोबर दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत लागतं. पोलीस ठाण्यात गेलो की डॉक्टर आत जाईल, या समजुतीत कुटुंबाचे पहिले महिने वाया जातात. भरपाईसाठीची पायरी ती नाहीच. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं, आणि पोलिसांच्या चौकशीची वाट पाहत होतो हे कारण दरवेळी चालतंच असं नाही.